कोपऱ्यावरच्या इमारतीचा ठराव

थोरली आईच्या दारात पोचली तेव्हा सगळे आधीच टेबलाभोवती बसले होते आणि चहा तिच्याशिवाय झालेला होता. या घरात चहा एखाद्याशिवाय झाला, की खुशाल समजावे, चर्चाही त्याच्याशिवाय झाली.

"ये," आई म्हणाली. ती मटार सोलत होती आणि तिने मान वर केली नाही. "कप घे. गार झाला असेल."

समोर भाऊ बसला होता, कामाच्या निळ्या कपड्यांत. लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून तो मधल्या वेळात पळून आला होता. त्याच्या शेजारी त्याची बायको, जी महापालिकेच्या लेखा विभागात काम करते आणि आज अर्धी रजा टाकून आली होती. खिडकीशी काका, म्हणजे वडिलांचे, अप्पांचे, धाकटे भाऊ. कुठल्याही घरच्या भांडणात त्यांना चांगली खुर्ची लागते आणि ती त्यांनी पटकावलेलीच असते.

"आधी एक सांग," भाऊ म्हणाला. "चार वाजता महापालिकेत हात वर करणार का खाली ठेवणार?"

"बसू तरी दे. सभा सुरू व्हायच्या आधीच मतदान?"

"मतदान झालंय. तू यायच्या आधी. चार विरुद्ध शून्य. ठराव पाडायचा."

थोरली उभीच राहिली. अप्पा जाऊन बरीच वर्षे झाली होती, पण त्यांनी घालून दिलेली घरची सभा काही गेली नव्हती. अप्पा नळजोडणीची कामे करत आणि उरलेल्या वेळात भाडेकरूंची समिती चालवत. एकदा समितीच्या बैठकीत त्यांची बायको त्यांच्याच विरुद्ध बोलली आणि सगळ्या वसाहतीत हसे झाले. त्या दिवसापासून नियम झाला: घरात हवे तेवढे भांडा, बाहेर एकच बोला. हात वर करायचे, ज्या बाजूला हात जास्त ती बाजू सगळ्यांची. भिंतींचा रंग असाच ठरला, भावाची नोकरी अशीच ठरली. थोरलीचे लग्नसुद्धा तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाले होते आणि पुढे ते मोडले तेव्हा त्या दोघांनी 'आम्ही म्हणत होतो' हे म्हणायची एकही संधी सोडली नाही. मात्र थोरलीने नगरसेवकपदाला उभे राहावे, असे ठरले तेव्हा घरातला एकही हात खाली नव्हता.

"मी नसताना मतदान?" ती म्हणाली.

"तू नाही का, आम्ही नसताना आमचं घर विकायचा ठराव लिहिलास?"

ते खरे होते. ठराव तिनेच लिहिला होता, कारण गृहनिर्माण समितीची अध्यक्ष तीच होती. महापालिकेच्या या अकरा इमारती, सगळ्या भाड्याच्या, सगळ्या म्हाताऱ्या. त्यांतली कोपऱ्यावरची, म्हणजे आत्ता हे सगळे बसले होते ती, हमरस्त्याला लागून असल्यामुळे तिच्या जागेला सोन्याचा भाव होता. ती जागा विकायची, त्या पैशाला कर्जाची जोड द्यायची आणि बाकीच्या दहा इमारतींच्या लिफ्ट, सांडपाण्याच्या वाहिन्या, गच्च्या, सगळे नव्याने करायचे. कोपऱ्यावरच्या लोकांना मागच्या मोकळ्या मैदानावर नवी घरे. ती बांधून होईपर्यंत दुसरीकडे भाड्याने.

थोरलीने भावजयीकडे पाहिले. या ठरावाचे आकडे दोघींनी मिळून बसवले होते, जेवणाच्या सुट्टीत, एकाच डब्यात हात घालून.

"तुझाही हात वर होता?"

भावजय कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "मला याच घरात राहायचंय, ताई."

"आणि काका, तुमचा?"

"मी वहिनींचा चहा प्यायलो होतो," काका म्हणाले. "चहा पिऊन विरोधात हात कसा वर करायचा?"

कुणी हसले नाही. थोरलीने शेवटी खुर्ची ओढली.

"ऐका," ती म्हणाली. "मी भाषण करत नाही. घरभाड्याचं खातं महापालिकेत वेगळं असतं. रस्त्याचे, दिव्याचे, शाळेचे पैसे त्यात ओतता येत नाहीत. भाड्यातून येईल त्यातच डागडुजी. आणि भाडं येतं तेवढं ठिगळं लावण्यातच संपतं. बरोबर?"

प्रश्न भावजयीला होता. लेखा विभागात बसणाऱ्या माणसाला आकड्याबद्दल खोटे बोलता येत नाही, निदान तोंडावर तरी. "बरोबर," ती म्हणाली.

"मग कर्ज काढा," भाऊ म्हणाला. "नवरा-बायको घर घेतात ते काय तिजोरी फोडून घेतात?"

"काढतोच आहोत. पण कर्ज देणारा विचारतो, खर्च भागवून भाड्यातून हप्त्याएवढं उरतं का? आणि हप्त्याएवढं उरून त्याचं समाधान होत नाही. वर चौथा हिस्सा जास्त उरला पाहिजे, उद्या कुणी भाडं थकवलं तर. सगळ्या कामाचं कर्ज काढलं तर भाडं जवळजवळ दुप्पट करावं लागेल. अकराच्या अकरा इमारतींत. हा कोपरा विकला तर कर्ज निम्म्यावर येतं आणि भाडं थोडंच वाढतं."

"दुप्पट?" काका खुर्चीत सरळ झाले. "सात नंबरातही?"

"सात नंबरातही, काका. तुमच्याकडेही."

"हे मला मघाशी कुणी सांगितलं नाही," काका भावाकडे बघत म्हणाले.

"सांगितलं नाही, कारण तसं होणार नाही," भाऊ म्हणाला. "ठराव पडला की काही होणार नाही. आजवर चाललं तसं चालेल."

"चालणार नाही. महापौर कशाला विरोध करतायत असं वाटतं तुला? तुमच्या प्रेमापोटी? त्यांना एक इमारत नकोय, त्यांना सगळी वसाहत हवीय. अजून दोन वर्षं दुरुस्ती झाली नाही की तज्ज्ञ येतील, इमारती धोकादायक ठरवतील आणि अकराही जागा एका घासात जातील. आज एक देऊन दहा वाचतायत."

"आणि ती एक नेमकी आपली."

"नेमकी आपली," थोरली म्हणाली. "दुसरी कुठली असती तर बरं झालं असतं. मी रोज रात्री नकाशा बघत होते, दुसरी सापडते का म्हणून. नाही सापडली."

आईने मटाराची साले एका बाजूला सारली. तिचे हात थांबले म्हणजे सभेत शांतता होते, हाही एक न लिहिलेला नियम होता.

"मतं किती पडणार?" तिने विचारले.

"माझं धरून सतरा. विरोधात सोळा."

"आणि तुझं न धरता?"

"सोळा-सोळा. मग महापौरांचं जादा मत. ठराव पडला."

"म्हणजे तूच," आई म्हणाली. "तुझ्या एका हातावर माझं घर आहे."

आईच्या स्वयंपाकघराच्या या खिडकीतून तिने शाळेचे पाढे पाठ केले होते, नवऱ्याचे घर सोडून आली तेव्हा याच टेबलावर डोके ठेवून रडली होती. हे घर तिला नको होते असे थोडेच होते? तिला ते इतके हवे होते की ठराव लिहिताना तिने इमारतीचे नाव शेवटपर्यंत टाकले नव्हते, नुसता क्रमांक टाकला होता.

"घरचा नियम तुला माहितीय," भाऊ म्हणाला. "चार विरुद्ध एक. बाहेर एकच बोलायचं."

"आता तीन विरुद्ध दोन," काका हळूच म्हणाले.

"काका!"

"अरे, दुप्पट भाडं म्हणतेय ती. तुझी काकू पाचव्या मजल्यावरून दिवाळखोर होऊन उतरायची. उतरणार तरी कशी म्हणा. लिफ्ट बंद, गुडघे बंद. वर्ष होत आलं, खालची माणसं तिला वरूनच दिसतात."

"चहा पिऊन पलटलात," भाऊ म्हणाला.

"चहा कधीचा जिरला," काका म्हणाले.

भावाने टेबलावर हात आपटला. कप वाजले. "तीन विरुद्ध दोन तर तीन विरुद्ध दोन! ठरलं ते ठरलं. ताई, तू विरोधात मत देणार. नाही दिलंस तर या घराशी तुझा संबंध काय उरतो सांग."

आणि इथे आई मध्ये पडली. लेकरांच्या भांडणात आया नेहमी तोल सावरायला जातात आणि कधीकधी होडीच उलटवतात.

"संबंध नाही कसा?" ती म्हणाली. "तिचं नाव आहे या घरावर. मी घातलंय. म्हणूनच म्हणते, पोरी, स्वतःच्या घराविरुद्ध हात वर करू नकोस."

भावजयीने कप खाली ठेवला. तिने थोरलीकडे पाहिले, थोरलीने तिच्याकडे, आणि टेबलाभोवतीच्या पाच माणसांपैकी फक्त या दोघींना त्याच क्षणी कळले की काय झाले आहे.

"आई," भावजय म्हणाली, "कुठे नाव घातलंत? भाडेकरारावर?"

"हो. सहभाडेकरू म्हणून. उन्हाळ्यात."

"माझी सही लागते त्याला," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"केलीस की. पेन्शनचे, दवाखान्याचे कागद आणले होते ना मी, त्यातच होता. तू फोनवर बोलत होतीस. 'कुठे सही करू' म्हणालीस, मी बोट ठेवलं, तू केलीस."

'न वाचता सही करू नका' हे वाक्य थोरलीने प्रत्येक वस्तीत, प्रत्येक सभेत, घसा बसेपर्यंत सांगितले होते. आईच्या बोटाखाली काय लिहिले आहे ते वाचावे असे मात्र तिच्या मनातही आले नव्हते. आईच्या बोटाखाली कोण वाचते?

"मी सहा वर्षं इथे राहतोय," भाऊ म्हणाला. तो ओरडत नव्हता आणि म्हणूनच सगळ्यांना भीती वाटली. "औषधं मी आणतो. तुझं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बारा रात्री खुर्चीत मी झोपलो. आणि नाव तिचं?"

"तुला बायको आहे, नोकरी आहे—"

"नाव तिचं, आई?"

"तिला कोण आहे?" आईचाही आवाज चढला. "निवडणूक हरली की रस्त्यावर. आता घरमालकानेही तिला महिनाअखेर जागा खाली करायला सांगितलंय. तुम्हाला बोलली? मलाही नाही बोलली. मला बाहेरून कळलं. नवऱ्याने टाकली, लोक आज डोक्यावर घेतात, उद्या पायाखाली. म्हटलं, माझ्यामागे हिला चार भिंती तरी असू देत."

"आणि मला? तुझ्यामागे मला काय? नाव नाही म्हणजे मी इथे कोण? पाहुणा? इमारत राहिली तरी तू गेल्यावर मला बाहेर काढतील आणि इमारत पाडली तर नवं घर ज्याचं नाव आहे त्याला. दोन्हीकडून मी उपरा."

मग थोरलीला कळले की भाऊ इतके दिवस विटांसाठी भांडत नव्हता. तो आपली पावले कुठे टेकतात ते शोधत होता, आणि आत्ता त्याला कळले होते की ती कुठेच टेकलेली नव्हती. तिला त्याची दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

"अजून एक आहे," भावजय म्हणाली. तिने नवऱ्याचा हात धरला, तो त्याने सोडवून घेतला. "ताईंना आता मत देता येणार नाही."

"म्हणजे?"

"आई आणि भाऊ इथे राहतात, ते चालतं," थोरली म्हणाली. "ते मी सभागृहात आधीच सांगितलंय, कायदा सल्लागारांकडून लेखी घेतलंय. पण माझं स्वतःचं नाव असेल तर चालत नाही. स्वतःच्या जागेचा विषय निघाला की उठायचं आणि बाहेर जायचं."

काकांनी बोटांवर हिशेब केला. "मग सोळा-सोळा."

"सोळा-सोळा."

"पडला की ठराव!"

भाऊ हसला. तसे हसणे थोरलीने त्याच्या तोंडावर कधी पाहिले नव्हते. "बघ. आईने नाव तुझं घातलं, पण घर वाचलं. देव आहे म्हणायचं. जा, चार वाजता उठून बाहेर ये. नियमानेच. कुणी काही बोलणार नाही, तुलाही बोलावं लागणार नाही."

खरेच किती सोपे होते. थोरलीला तो मोह पांघरुणासारखा अंगावर ओढून घ्यावासा वाटला. कायदा पाळायचा, आई राखायची, भाऊ राखायचा, चार भिंती राखायच्या. वसाहतीतल्या लोकांना सांगायचे, माझे हात बांधलेले होते. आणि ते खोटेही नसते.

"कुणाला माहितीय नाव घातलंय ते?" काका म्हणाले. त्यांची बाजू पलटलेली असल्यामुळे ते आता जोरात होते. "गप्प बसायचं, हात वर करायचा, घरी यायचं."

"मला माहितीय," भाऊ म्हणाला. "हिने मत दिलं तर मी सभागृहात वर सज्जात उभा राहून ओरडून सांगेन."

"सांगायची गरज पडणार नाही," थोरली म्हणाली. "मी लपवून मत देणार नाही. पुढे कळलं तर ठरावही रद्द आणि कर्ज देणाराही पळाला." ती आईकडे वळली. हे वाक्य उच्चारायला तिला फार जड गेले. "आई, नाव काढता येतं. गृहनिर्माण कार्यालय एक वाजेपर्यंत उघडं असतं. पण मला एकटीला काढता येत नाही. मूळ भाडेकरूची सही लागते. तुझी."

आईने मटाराचे भांडे दूर सारले.

"म्हणजे माझंच घर पाडायला मी सही करायची."

"हो."

"आणि नाही केली तर?"

"तर काही करावं लागणार नाही. नुसतं बसून राहायचं. घर राहील."

"किती वर्षं राहील?"

"मला नाही माहीत, आई. मी खोटं सांगणार नाही."

घरात फक्त नळाचा थेंब पडत होता, जो अप्पा असते तर पडला नसता.

"सात नंबरातली लिफ्ट," भावजय एकदम म्हणाली. "ती का बंद आहे ते विचारा यांना."

"तू गप्प बस," भाऊ म्हणाला.

"का गप्प बसू? रोज रात्री कुशीवर वळून मला सांगता. आईंना सांगा ना."

"मघाशी तुझा हात वर होता!"

"होता. तेव्हा वाटलं, घरात शांतता राहील. राहिली का?"

आई मुलाकडे वळली. "काय झालंय त्या लिफ्टला?"

"जुनी झालीय. सुटे भाग मिळत नाहीत."

"ते मला काकूही सांगते. मी तुला विचारतेय. उद्या तू ती चालू केलीस, तर त्यात काकूला बसवशील?"

भाऊ खिडकीकडे बघत राहिला. त्या वसाहतीतल्या सगळ्या लिफ्टचे दोर त्याच्या हाताखालून जात. थोरलीला माहीत होते की तो वाद जिंकण्यासाठी आकडे फिरवेल, नियम वाकवेल, वाटेल ते बोलेल. पण लिफ्टबद्दल त्याला खोटे बोलता येणार नाही.

"नाही," तो म्हणाला.

"आणि बाकीच्या इमारतींत? ज्या चालू आहेत?"

"दोन मी बंद करायला सांगितल्यात," तो म्हणाला. "वरचे म्हणतात, पैसे नाहीत, चालव. मी चालवतो. आत माणूस बसला की मी खाली उभा राहतो. तो उतरेपर्यंत."

आई उठली. ओल्या हातांनीच तिने दाराजवळच्या खुंटीवरची पिशवी घेतली.

"आई, तू सही करणार नाहीस," भाऊ म्हणाला. "मी खरं बोललो म्हणून मला शिक्षा?"

"शिक्षा नाही रे." आईला चपलेचा पट्टा लावता येईना. "मला हे घर सोडवत नाही. मला मरायचं इथे होतं. पण खाली तू जीव मुठीत धरून उभा, आणि वर मी मटार सोलत बसायचं? मला जमायचं नाही. चला, एक वाजेल."

कार्यालयात खिडकीमागच्या बाईने आईला दोनदा विचारले, "नक्की नाव कमी करायचं?" आई म्हणाली, "करा. आणि त्या जागी माझ्या मुलाचं घाला. आजच होतं का?"

"तेही आजच होईल. मुलगा आलाय का?"

भाऊ आला होता. सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, फसवल्या गेलेल्या माणसासारखा. त्याला हवे होते ते मिळत होते आणि ज्यासाठी हवे होते ते जात होते. तो पुढे आला, वाचून सही केली, प्रत्येक ओळ वाचून, आणि कुणाशीही न बोलता निघून गेला. आईने थोरलीला सांगितले, "मी काकूकडे जाते. पाच मजले आहेत, चढेन हळूहळू. तुझ्या सभेला मी यायची नाही. मला बघवणार नाही."

"आई, मी—"

"काही बोलू नकोस आता. मला तुझा राग आलाय. तो येऊ दे."

सभागृहात थोरली सगळ्यांत आधी उभी राहिली. तिने सांगितले की तिचे नाव कोपऱ्यावरच्या एका घराच्या भाडेकरारावर होते, तिने न वाचता सही केली होती, ही तिची चूक, आणि आज दुपारी ते नाव काढले आहे. एवढ्याने विरोधी बाकांवर गलका झाला. एकजण म्हणाला, "सकाळी घरमालकीण, दुपारी लोकसेविका! संध्याकाळी काय?" हशा झाला. तिचे कान तापले, पण ती उभी राहिली. कायदा सल्लागारांनी कागद पाहिला, पुन्हा पाहिला, महापौरांच्या कानाशी लागले. महापौरांचा चेहरा आंबट झाला, त्यावरूनच तिला निर्णय कळला.

वर सज्जा भरलेला होता. एका बाजूला कोपऱ्यावरची माणसे, एका बाजूला बाकीच्या दहा इमारतींची. मधल्या पायरीवर भाऊ उभा होता. त्याने मुद्दाम कुठल्याही बाजूला बसायचे टाळले होते. तो ओरडेल असे तिला शेवटपर्यंत वाटत होते. ओरडण्यासारखे आता त्याच्याकडे काही उरले नव्हते, तरी वाटत होते.

चिटणीस एकेक प्रभाग पुकारत गेले. बाजूने, विरोधात, विरोधात, बाजूने. थोरलीचा प्रभाग आला तेव्हा तिला आईचे स्वयंपाकघर दिसले नाही, अप्पा दिसले नाहीत, काहीच दिसले नाही.

"बाजूने," ती म्हणाली. आवाज इतका लहान आला की चिटणिसांनी पुन्हा विचारले. मग तिला ते दुसऱ्यांदा, मोठ्याने, भावाच्या देखत म्हणावे लागले.

सतरा विरुद्ध सोळा. ठराव मंजूर.

बाहेर पायऱ्यांवर काकांनी तिला मिठी मारली आणि लगेच सोडले, कारण कोपऱ्यावरची माणसे उतरत होती. पहिल्या मजल्यावरचा शिंपी तिच्यासमोर थांबला. "तुझी पत्रकं मी वाटली होती," तो म्हणाला. "माझ्या दुकानाचं शटर बंद ठेवून." त्याच्या मागची म्हातारी म्हणाली, "आमचं सोड, आईला तरी सोडायचं होतंस." आणखी कुणीकुणी बोलले. थोरलीने ते सगळे ऐकले. हे ऐकणे हे तिचे काम आहे आणि आज ते दुसऱ्या कुणाकडे सोपवता येणार नाही, एवढे तिला समजत होते. डोळ्यांत पाणी आले ते तिने पुसले नाही, लपवलेही नाही.

माणसे पांगली. भाऊ शेवटी आला आणि तिच्यापासून चार हात अंतर ठेवून उभा राहिला.

"घरमालकाने खरंच महिनाअखेर सांगितलंय?" त्याने रस्त्याकडे बघत विचारले.

"हो."

"दुसरं काही बघितलंस?"

"वेळ नाही मिळाला. हा ठराव..." ती थांबली. "बघेन काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय? मंजूर केलंस ना सगळ्यांचं? तुझं कोण मंजूर करणार?"

मग त्याने खिशातून घराची किल्ली काढली, जुडग्यातून ओढून ओढून सुटी केली आणि तिच्या हातावर ठेवली.

"घर आता माझ्या नावावर आहे. कोण राहणार ते मी ठरवणार," तो म्हणाला. "मागची खोली घे. इमारत पाडेपर्यंत राहा. नवं घर मिळालं तर तिथेही बघू. पण जागा देतोय, माफी देत नाही. माझ्याशी बोलायला येऊ नकोस. मी येईन तेव्हा येईन."

"कधी येशील?"

"ते मला विचारू नकोस," भाऊ म्हणाला. तो रस्ता ओलांडून सात नंबरच्या दिशेने झपाझप चालू लागला. तिथे आई अजून पाचव्या मजल्यावर होती आणि तिला धरून खाली आणायचे होते.